शिरोळच्या क्षारपड रानात निर्यातीची कोळंबी? आधी बर्फ, मग तळं

प्रश्न थोडक्यात असा. शिरोळ तालुक्यातल्या एका तरुणाचं चार एकर रान क्षारपड झालंय. ऊस पिवळा पडतो, उतारा निम्म्यावर आलाय. देशाची मासळी निर्यात साठ हजार कोटींच्या वर गेल्याचं त्यानं वाचलं. हरियाणात खारपड जमिनीत कोळंबी घेतात, हेही वाचलं. आता दोन एकरांत व्हेनामी जातीच्या कोळंबीची तळी काढून माल स्वतःच निर्यात करायचा त्याचा विचार आहे. मोठा भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, तो थोडे पैसे घालायला तयार आहे. त्याचं विचारणं असं: हा धंदा इतका वाढला कसा, अमेरिकेच्या आयात शुल्कानंतर टिकेल का, आणि कोल्हापूरच्या माणसानं यात पडावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बँकेचे कागद एव्हाना घरात आले असतील. या धंद्यात जरूर या, पण तळ्याच्या दारानं येऊ नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नको. आणि स्वतः निर्यातदार व्हायचं सध्या डोक्यातून काढून टाका. भीती घालायला म्हणत नाही. १९८९ साली रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडले, आणि त्यानंतर एकतीस वर्षं मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांत मालाची तपासणी हेच माझं काम होतं. आधी रत्नागिरी, मग वेरावळ, मधली काही वर्षं कोची. आता कोल्हापुरात राजारामपुरीत असते. माहेर तुमच्याच तालुक्यातलं कुरुंदवाड, त्यामुळं तुमचं रान मला न बघताही दिसतंय: उन्हाळ्यात पांढरी साय धरलेलं आणि पावसात पाय ओढणारं.

तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे. २०२४-२५ मध्ये देशातून १६.९८ लाख टन माल बाहेर गेला, ६२,४०८ कोटी रुपयांचा. २०१३-१४ ला हाच आकडा ३०,२१३ कोटी होता, म्हणजे अकरा वर्षांत दुप्पट. पण मधली दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा. २०२२-२३ ला १७.३५ लाख टनांचे ६३,९६९ कोटी आले. पुढच्या वर्षी माल वाढून १७.८२ लाख टन झाला आणि पैसे उतरून ६०,५२४ कोटी. माल जास्त, पट्टी कमी. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, कोळंबीला कसलीच हमी नाही.

आणखी एक गोष्ट त्या आकड्यात दडलेली आहे. २०२४-२५ च्या त्या ६२,४०८ कोटींतले ४३,३३४ कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे आहेत. शंभरातले जवळजवळ सत्तर रुपये! आणि त्या कोळंबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. स्पेन-इटलीकडं जाणारा माकूल (स्क्विड), चीनला जाणारी वाकटी, राणी माशाचा सुरिमी म्हणजे धुतलेला लगदा, हे सगळं उरलेल्या तीस रुपयांत. देशात १९५०-५१ साली एकूण साडेसात लाख टन मासळी निघायची, २०२३-२४ ला ती १८४ लाख टन झाली आणि त्यातली तीन-चतुर्थांश समुद्राबाहेरची आहे: तळी, धरणं, नद्या. त्यातलं बाहेर जातं वजनानं दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. बाकीची आपणच खातो. पेपरात निर्यातीच्या बातमीला बंदरातल्या ट्रॉलरचा फोटो लावतात, पण पैसा मुख्यतः आंध्रातल्या तळ्यांतून येतो, भीमावरम आणि नेल्लोरच्या बाजूनं.

वाढ कशी झाली, याचं माझं उत्तर पुस्तकातल्यापेक्षा वेगळं आहे. योजना आल्या, संस्था आल्या, ते आहेच. कोचीला १९७२ साली एम्पीडा उभी राहिली, म्हणजे सागरी उत्पादनांची निर्यात बघणारं केंद्राचं प्राधिकरण, आणि तिचं काम मोठं आहे. पण मी आतून जे बघितलं ते असं: आपला धंदा दर वेळी कुणीतरी माल नाकारल्यावर वाढला. तुमच्या भावाला विचारा. फौंड्रीत पहिला लॉट ब्लो-होल (ओतकामात हवेनं पडलेली भोकं) निघाले म्हणून परत येतो, तेव्हाच वाळू तपासायची शिस्त लागते. आधी कितीही प्रशिक्षणं घ्या, उपयोग नसतो.

सुरुवात बर्फानं झाली. त्याआधी आपण बाहेर पाठवायचो ते सुकं: सोडे, सुकट, खारवलेली मासळी, आणि तेही ब्रह्मदेश, सिलोन, सिंगापूरकडं. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकऱ्याला प्रकल्प सुरू झाला. इंजिनाच्या होड्या, नवी जाळी, बर्फाचा कारखाना. हेतू होता कोळ्यांचं राहणीमान सुधारायचं आणि लोकांना स्वस्त मासळी मिळायची. झालं भलतंच. १९५३ च्या सुमाराला कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जायला लागली, आणि ज्या कोळंबीला तिथं भाव नव्हता, जी माडाच्या बुंध्यात खत म्हणून टाकायचे असं कोचीची जुनी माणसं मला सांगत, तिच्यामागं सगळा किनारा लागला. पुढं जपान गिऱ्हाईक झालं आणि १९७०-८० च्या दशकांत आपली कोळंबी कशी कापायची, किती वजनाचा ब्लॉक करायचा, हे जपानी खरेदीदारानं ठरवलं.

समुद्र काही वाढत नव्हता. मग १९९० च्या आसपास आंध्र-तमिळनाडूत टायगर कोळंबीची तळी निघाली. मी तेव्हा नवी होते. लोक रातोरात श्रीमंत होताना बघितले. १९९४-९५ ला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तीच माणसं तळी मोकळी टाकून गावाला निघून गेली. एका आठवड्यात तळं मरतं, कोळंबी काठाला येऊन पडते, यात अतिशयोक्ती नाही. त्यात भर म्हणून १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, किनाऱ्याच्या नियंत्रित पट्ट्यातली कोळंबीची तळी हटवण्याचा. शेजारच्या भातखाचरांत आणि विहिरींत खारं पाणी उतरल्याच्या तक्रारी त्यामागं होत्या. हे लक्षात ठेवा, तुमच्या रानाकडं आल्यावर परत लागेल.

आणि मग १९९७ चा ऑगस्ट. युरोपीय संघानं भारतीय मासळीला दार बंद केलं. त्यांचे तपासनीस येऊन गेले होते. त्यांनी काय बघितलं असेल ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी रोज तेच बघत होते. कोळंबी सोलायचं काम कारखान्याबाहेरच्या शेडमध्ये चालायचं. बांबूच्या पाट्या, लाकडी टेबलं, वर पत्रा, भोवती माश्या आणि कावळे. बर्फाच्या लाद्या फरशीवरून ओढत आणायच्या. पाणी कुठल्या विहिरीचं, कुणी विचारत नव्हतं. सोलायला केरळच्या किनाऱ्यावरून ठेकेदार मुली आणायचे, सतरा-अठरा वर्षांच्या. वेरावळला एका खोलीत वीस-वीस जणी राहायच्या. किलोवर मजुरी. बर्फाच्या पाण्यात रात्रभर हात घालून बोटांची साल जायची. त्यांच्या हातांना जखमा असायच्या आणि त्याच हातांनी जगाची कोळंबी सोलली जायची. तपासनिसाला जंतूंचा आकडा दिसला, मला त्या मुलींचे हात आठवतात. दोन्ही गोष्टी एकच होत्या हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बंदीनंतर दीड-दोन वर्षांत जे बदललं ते त्याआधीच्या वीस वर्षांत बदललं नव्हतं. शेड बंद होऊन सोलायचं काम कारखान्याच्या आत आलं. लाकूड आणि बांबू गेला, स्टील आणि प्लास्टिकचे क्रेट आले. दारात पाय बुडवायला क्लोरीनचं पाणी, गमबूट, डोक्याला जाळी. माल चार अंशांच्या वर जाता कामा नये, प्लेट फ्रीझर उणे चाळीसवर, गोठलेल्या ब्लॉकच्या गाभ्यात उणे अठरा. प्रत्येक लॉटला नंबर. अमेरिकेनंही त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून हॅसेपची पद्धत सक्तीची केली होती, म्हणजे धोका कुठं शिरतो ते आधी ओळखून तिथं पहारा ठेवायचा. कित्येक मालकांनी कर्ज काढून कारखाने नव्यानं बांधले, काहींनी कुलूप लावलं. (त्याच फेऱ्यात विलायतेतला सुका बोंबीलही अडकला होता. गोठवणाऱ्या किंवा डबाबंद करणाऱ्या कारखान्यातून येत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. बोंबील काठीवर वाळतो हे ब्रसेल्सच्या साहेबाला समजावणं सोपं नव्हतं.)

त्यानंतरचा फटका औषधांचा. २००२ नंतर युरोपच्या प्रयोगशाळांना क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा अंश एका अब्जात एका भागाहूनही कमी असला तरी सापडायला लागला. माझ्याच एका कारखान्यातला कंटेनर असा परत आला. नाव कुणाचंच घेत नाही. एजंटानं तीन शेतकऱ्यांचा माल एकत्र करून दिला होता, त्यातल्या एकानं दुकानातून ‘प्रोबायोटिक’ म्हणून पाकीट आणून तळ्यात टाकलं होतं. पाकिटावर आत काय आहे हे छापलेलंच नव्हतं. त्याचा बिचाऱ्याचा दोष किती? पण माल मिसळलेला, त्यामुळं वीस टनांतलं काही वेगळं काढता येईना. जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, बंदरातलं पडून राहण्याचं भाडं. आणि पुढं किती तरी महिने आमच्या प्रत्येक कंटेनरची खास तपासणी. त्या दिवसापासून मी एजंटाच्या मिश्र मालावर सही केली नाही. मालक चिडायचे. मालाला कोण नाव ठेवत नव्हतं, दिसायला सुंदर होता, पण तो कुठल्या तळ्यातला हे सांगता येत नसेल तर युरोपच्या दृष्टीनं तो माल नव्हेच.

आता काढणीच्या आधी तळ्यातला नमुना तपासून घ्यावा लागतो. समुद्रातल्या मासळीला २०१० पासून युरोपसाठी कोणत्या नोंदणीच्या बोटीनं कधी पकडली याचा दाखला जोडावा लागतो. २०१६ साली त्यांनी आपल्या तळ्यांतल्या मालाच्या तपासणीचं प्रमाण दहावरून पन्नास टक्क्यांवर नेलं. अर्धे कंटेनर उघडायचे! तरी निर्यात थांबली नाही, हे आपल्या लोकांचं कसब.

व्हेनामीची गोष्ट थोडक्यात सांगते, तुम्ही ती वाचलेली दिसते. मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची ही कोळंबी. २००९ ला आपल्याकडं तिला रीतसर परवानगी मिळाली. मादी-नर परदेशातून रोगमुक्त म्हणून प्रमाणित केलेलेच यायचे आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून पुढं हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात, जायचे. टायगरसारखी ही तळाशी बसत नाही, सगळ्या पाण्यात फिरते, म्हणून दाट सोडता येते, आणि चार महिन्यांत काढणीला येते. तरी केवळ या गुणांनी आपण पुढं गेलो नाही. २०१२-१३ च्या सुमारास थायलंडच्या तळ्यांत नव्या रोगानं पिल्लं मरायला लागली, अमेरिकेच्या दुकानांत जागा रिकामी झाली आणि आपला माल तिथं बसला. दुसऱ्याच्या घरच्या आजारपणावर आपलं दुकान चाललं असं म्हणायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच.

म्हणून अमेरिकेच्या शुल्काचं मला नवल वाटलं नाही. २००५ पासून त्यांचं अँटी-डम्पिंग शुल्क (पडत्या भावात माल ओतल्याबद्दलचं) होतंच, २०२४ च्या अखेरीस अनुदानविरोधी शुल्क आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आधी २५ आणि मग आणखी २५ असं पन्नास टक्क्यांचं ओझं वर पडलं. त्याच वेळी इक्वेडोरला पंधरा टक्के. इक्वेडोर आज जगातला सगळ्यात मोठा कोळंबी निर्यातदार आहे आणि अमेरिकेला आपल्यापेक्षा कितीतरी जवळ. शुल्काचे आकडे राजकारणाबरोबर वरखाली होतात, त्यावर तुम्ही कर्जाचा हप्ता बांधू नका. शंभरातले सत्तर रुपये एका जिनसावर आणि त्यातले बरेचसे एका गिऱ्हाइकावर टांगलेले असले की असं होणारच. धंदा टिकेल का? टिकेल. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघानं आपली आणखी १०२ युनिट्स मान्य यादीत घेतली. ज्यांनी १९९७ ला दार बंद केलं त्यांनीच. ब्रिटनबरोबरच्या करारातही कोळंबीवरचं शुल्क काढायचं ठरलंय. पण शुल्काचा पहिला धक्का ना आयातदार सोसतो ना कारखानदार. तो तळ्याच्या काठावरच्या भावातून वळता होतो. दुधाचा दर उतरला की गवळ्याच्या बिलात दिसतो, तसंच.

दुधाचा विषय निघालाय तर कोळंबीचा भाव कसा ठरतो तेही सांगते. आपल्याकडं दुधाला फॅट आणि डिग्री, तसा कोळंबीला काउंट. तळ्यावर ५० काउंट म्हणजे किलोत पन्नास नग, एकेक वीस ग्रॅमचा. कारखान्यात मात्र मोजणी पौंडात होते. डोकं काढलं की पस्तीस टक्के वजन गेलं, वीस ग्रॅमची तेरा ग्रॅम उरली, पौंडात पस्तीस बसल्या, म्हणजे ती ‘३१/४०’ च्या खोक्यात गेली. साल आणि पाठीतला काळा दोरा काढला की ती ‘४१/५०’ होते. ग्रेड बदलला की भाव पायरीनं उतरतो. तळ्यावर आठ दिवस आधी घाईनं माल काढला तर वजन थोडं कमी येतं एवढंच वाटतं, पण पायरी खाली गेली की किलोमागं नुकसान भलतं होतं. हा हिशेब ज्याला तोंडपाठ नाही, त्याला एजंट तळ्यावर उभा राहूनच गुंडाळतो.

आता तुमचं रान. क्षारपड जमिनीत कोळंबी होत नाही असं नाही. हरियाणात रोहतकजवळ लाहलीला मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथं खाऱ्या भूजलावर व्हेनामी काढून दाखवली, आणि हरियाणा-पंजाबचे शेतकरी ती घेतात. पण जमीन खारी आणि पाणी खारं या वेगळ्या गोष्टी. आणि खारं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, भूजलात ते फार थोडं भरतं. कोळंबी दर काही दिवसांनी कात टाकते. पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी पडलं की नवी साल कडक होत नाही, अंग वाकडं होतं, आणि मऊ पडलेलीला बाकीच्या खाऊन टाकतात. उपाय आहे, उसाला टाकता तेच म्युरेट ऑफ पोटॅश. पण किती टाकायचं हे पाणी तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि दर महिन्याला पुन्हा तपासावं लागतं.

समजा पाणी जमलं. एकरात चौरस मीटरला चाळीस पिल्लं धरली तर एक लाख साठ हजार. शंभरातली ऐंशी जगली आणि वीस ग्रॅमची झाली, तर अडीच टन माल. ऐकायला छान वाटतं. त्याला साडेतीन टन खाद्य लागेल आणि खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग त्या खाद्यातच जातो. चार-पाचशे किलो कोळंबीमागं एक अश्वशक्तीचा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) धरा, म्हणजे एकरी पाच-सहा अश्वशक्ती, आणि तेही रात्रभर, कारण पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी होतो. तुमच्या शेतीपंपाची वीज आठ तास, पाळीनं. पहाटे तीनला दोन तास वीज गेली तर सकाळी काठाला येऊन पडलेली कोळंबीच दिसेल. जनरेटर आलाच. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, वीज दरात सवलत मिळेल ही चांगलीच गोष्ट आहे. पण दर स्वस्त झाला म्हणून पहाटे तीनला वीज येत नाही.

मग हंगाम. व्हेनामीला ऊब लागते. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा पडला की तिचं खाणं मंदावतं आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नेमका थंड पाण्यात उसळतो. म्हणजे फेब्रुवारी ते मे-अखेर एकच पीक. जूनच्या पुढं काय, हे कुरुंदवाड-नृसिंहवाडीच्या माणसाला मी सांगावं? २००५, २०१९, २०२१. संगमाचं पाणी तुमच्या बांधावर आलं की तळं आणि कृष्णा एकच. तुमचं भांडवल वाहून गेलं तर ते तुमचं नुकसान, पण परदेशी कोळंबी आणि तिचे रोग नदीत गेले तर ते साऱ्या खोऱ्याचं. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यानं यावर बोट ठेवलं तर त्याच्यावर चिडू नका. आणि काढणीनंतरचं खारं पाणी सोडणार कुठं? शेजाऱ्याच्या उसात? १९९६ चा तो निकाल नेमक्या याच भांडणातून आला होता. आधीच क्षारपड झालेल्या तालुक्यात आपण आणखी मीठ ओतायचं, हे मला तरी पटत नाही. ज्यांचं रान उंचावर आहे, ज्यांच्या बोअरचं पाणी मुळात खारं आहे आणि ज्यांना ते परत फिरवून वापरायची सोय करता येते, त्यांनी बघावं. दोन एकरांना कर्ज काढून नव्हे, अर्ध्या एकरावर.

स्वतः निर्यात करायचं म्हणालात. एम्पीडाकडं कारखाना नसलेल्या व्यापाऱ्यालाही निर्यातदार म्हणून नोंदणी मिळते, कागद अवघड नाहीत. अवघड आहे ते मालाचं. निर्यातीचा माल मान्यताप्राप्त कारखान्यातच गोठवावा लागतो आणि त्या कारखान्याचा नंबर प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो. तुम्हाला जवळचे कारखाने रत्नागिरीला, आंबा घाट उतरून. अडीच टन मालाला तितकाच बर्फ घेऊन पहाटे गाडी भरायची. एक कंटेनर भरायला असे निदान आठ-नऊ एकर एकाच ग्रेडचे, एकाच वेळी लागतात. कारखानदार एवढ्याशा मालासाठी लाइन लावत नाही. तुमचा माल मग मिश्र लॉटमध्येच जाणार, आणि मिश्र लॉटबद्दलचं माझं मत तुम्हाला कळलंच आहे.

गोड्या पाण्यातली मासळी निर्यात करू का, असंही काही जण विचारतात. कटला, रोहू, चिलापी बाहेर नेण्यात सध्या अर्थ नाही. पंगसमध्ये व्हिएतनामशी भावात गाठ पडणार नाही. आणि गरजही नाही, कारण गिऱ्हाईक इथंच आहे. कोल्हापूर तांबड्या-पांढऱ्याचं गाव म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण इथं मासळी किती खपते ते बुधवारी-रविवारी बाजारात उभं राहून बघा. सुरमई-बांगडा कोकणातून घाट चढून येतो, रोहू-कटला आणि रूपचंद आंध्रातून बर्फात हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून. म्हणजे जिल्ह्यात धरणं असून, नद्या असून आपण आंध्राचा रोहू खातो!

म्हणून मी म्हणते, आधी बर्फ. दोन वर्षं विक्रीची बाजू करा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाऊन लिलाव बघा, नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या की. १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा कोणता माल कुठून येतो तेही बघा. इन्सुलेटेड पेट्या घ्या आणि मासळीइतकाच बर्फ घाला. आपले व्यापारी बर्फात काटकसर करतात आणि जयसिंगपूरला पोचेपर्यंत बांगड्याचे डोळे लाल होतात. इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली एवढ्या पट्ट्यात साफ केलेली, चार अंशांखाली ठेवलेली मासळी विकणारा माणूस हवाच आहे. आपल्या जिल्ह्याला थंड साखळी नवी नाही. गावागावांत दुधाचे बल्क कूलर आहेत. सकाळी साडेसहाला दूध आलं नाही तर ते नासतं हे लहान पोराला कळतं. तीच शिस्त मासळीला लावायची आहे. तुमच्या भावाचे पैसेही मी तळ्यात घालणार नाही. एरेटरचे गिअरबॉक्स, पाती, शाफ्ट खाऱ्या पाण्यात गंजतात आणि सारखे बदलावे लागतात. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यानं एकदा नेल्लोरला जाऊन चार दुकानं फिरून यावं, मग बोलू.

अनुदानाचं विचारलं नाहीत, पण विचाराल. २०२० ला सुरू झालेल्या मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अशी रचना आहे. त्यामुळं घरातल्या बायकांच्या नावावर अर्ज भरायची पद्धत पडलीय. भरा, पण मग धंद्याचा हिशेबही तिलाच बघू द्या. अनुदान कामानंतर येतं, आधी पदरचे घालावे लागतात, हे अर्ज भरतानाच मनात धरा.

आणि तरीही तळ्याची हौस फिटत नसेल तर एक काम कराच, त्याला फार खर्च नाही. पाण्याचा नमुना मे महिन्यात घ्या, क्षार सगळ्यात वर असतात तेव्हा, आणि दुसरा सप्टेंबरात. बोअर वीस मिनिटं चालू ठेवा, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळून काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. बाटलीवर तारीख आणि गट नंबर लिहा. नेहमीच्या माती-पाणी तपासणीत फक्त सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता देतात, तेवढ्यावर थांबू नका. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कधर्मीयता असं लिहून द्या, आणि खर्च वाढला तर वाढू द्या. दोन्ही रिपोर्ट हातात आले की पोटॅशियमचा आकडा मला आधी कळवा.